प्लांकचा स्थिरांक मोजायचा संच: डबा ठेवा, पुस्तिका फेका

प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा भागिले त्या प्रकाशाची वारंवारता, म्हणजे प्लांकचा स्थिरांक. तो मोजायला प्रयोगशाळेसाठी मागवलेला हा संच दोन महिने मुलांच्या हाताखालून गेलाय, त्यामुळे आता त्यावर बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार मुख्यतः पुस्तिकेबद्दल आहे आणि अशा पुस्तिका मी इतरांच्या डब्यांतही पाहिल्यात.

आत लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार एलईडी, व्होल्टेज वाढवायचा नॉब, छोटं डिजिटल व्होल्टमीटर आणि एक काळी नळी. नळी एलईडीवर बसवायची, डोळा लावायचा आणि नॉब अगदी सावकाश फिरवायचा. ठिपका पहिल्यांदा मिणमिणला की रीडिंग घ्यायचं. नॉब उत्तम आहे. दहा फेऱ्यांचा असल्यामुळे व्होल्टेज उडी मारत नाही. नळीही छान, खोलीतले दिवे बंद करायची गरज पडत नाही. बांधणीला पैकीच्या पैकी.

आता पुस्तिका. पहिल्याच पानावर प्लांकच्या स्थिरांकाचं एकक ‘ज्यूल/सेकंद’ छापलंय. अहो, ज्यूल भागिले सेकंद म्हणजे वॅट! इथे गुणाकार हवा, ज्यूल-सेकंद. एक तिरकी रेघ चुकली आणि विश्वाच्या स्थिरांकाचा बल्ब झाला. एकक न लिहिणाऱ्या मुलांचे मार्क मी कापते. छापणाऱ्यांचे कोण कापणार?

त्याहून वाईट म्हणजे सांगितलेली रीत. प्रत्येक एलईडीचं व्होल्टेज इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणा, त्याच्या प्रकाशाच्या वारंवारतेने (प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी) भागा आणि चार उत्तरांची सरासरी काढा, म्हणे. आमचा लाल (तरंगलांबी ६३० नॅनोमीटर) १.७० व्होल्टला पेटला, निळा (४७०) २.३६ ला. पुस्तिकेच्या रीतीने लाल ५.७ देतो, निळा ५.९. (१० चा उणे ३४ वा घात दर वेळी लिहीत नाही, धरून चला.) खरा आकडा ६.६ च्या वर. सगळी उत्तरं एकाच बाजूला चुकत असतील तर सरासरी काढून काय होणार? इलेक्ट्रॉनांना उष्णतेचा थोडा टेकू मिळतो, म्हणून एलईडी हिशेबाच्या जरा आधीच मिणमिणतो. ही तूट चौघांत साधारण सारखीच असते. त्यामुळे व्होल्टेज आणि वारंवारता यांचा ग्राफ काढून उतार घेतला आणि तो इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणला की ती बरीचशी वजा होते. त्याच दोन रीडिंगांवरून उताराने ६.५ आला. टाळ्या वगैरे पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाचा ७.१ आला. लाल ते निळा हा फरक ०.०१ व्होल्टने हलला की उत्तर ०.१ ने सरकतं, आणि ‘आता दिसला’ हे ज्याचा त्याचा डोळा ठरवतो. ज्यांच्याकडे मायक्रोअँमीटर (अगदी बारीक प्रवाह मोजणारं मीटर) आहे त्यांनी डोळ्यावर विसंबू नये. प्रत्येक एलईडीतून ठरावीक, अगदी बारीक प्रवाह जाऊ द्यावा आणि तेव्हाचं व्होल्टेज घ्यावं.

शेवटच्या पानावर ‘प्रमाणित किंमत’ म्हणून ६.६२६०६९५७ दिलीय, शेजारी अनिश्चितता. ही २०१० ची किंमत. २० मे २०१९ पासून हा स्थिरांक ६.६२६०७०१५ असा ठरवून टाकलाय, पुढे अधिक-उणे काही नाही. यावरून एका मुलीने मला कोंडीत पकडलं: “मॅडम, ठरवूनच टाकलाय तर आपण मोजतोय काय?”

प्रश्न रास्त होता. ज्यूलच्या व्याख्येत किलोग्रॅम येतो, म्हणून गोष्ट तिथून सुरू होते. पूर्वी किलोग्रॅम म्हणजे फ्रान्समधल्या सेव्र इथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, १८८९ पासूनचा. शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. दंडगोल हलका झाला की प्रती जड झाल्या? विचारायचीच सोय नव्हती, कारण व्याख्येने दंडगोल कायम बरोबर. तेव्हा किलो पक्का धरून प्लांकचा स्थिरांक मोजत. आता स्थिरांक पक्का धरून किबल तराजूने (वजन विजेच्या बळाशी तोलणारं यंत्र) किलो मोजतात. इलेक्ट्रॉनचा भार आणि प्रकाशाचा वेगही व्याख्येने पक्के. म्हणजे आमच्या टेबलावर शंका घ्यायला उरलं काय, तर व्होल्टमीटर, एलईडीवर छापलेली तरंगलांबी आणि आमचे डोळे.

पुस्तिकेत यातलं अक्षरही नाही. मी ती कपाटात टाकून एका पानाची कृती स्वतः लिहून दिली. पिवळा एलईडी तिसऱ्या आठवड्यात गेला, तो साध्या सोल्डरिंगने बदलता आला. डब्यातल्या मीटरपेक्षा बरा मल्टिमीटर असेल तर संच जरूर घ्या.

७.१ आलेल्या गटात तीच मुलगी होती. तिच्या जर्नलात ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली एवढंच होतं: “लाल ते निळा फरक ०.६७ व्होल्ट यायला हवा होता, आमचा ०.७२ आला. चूक मीटरची की आमची, ते उद्या दुसरं मीटर लावून बघणार.” मी पूर्ण मार्क दिले.