मुलांच्या लिव्हरची ओपीडी, नागपूर: उत्तर मिळालं, पण बसायला खुर्ची नाही

पाचपैकी चार तारे.

आम्ही पांढरकवड्याकडचे. भाचा तीन वर्षांचा. साधा सर्दी-ताप आला की उलट्या, सुस्ती आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते) हजारांत. ताप गेला की पोरगं पुन्हा कोंबड्यांमागे. हिपॅटायटिस ए, बी, ई, सगळं निगेटिव्ह. गावात काविळीची माळही घालून झाली. बहिणीचा एकच सवाल होता, "साऱ्या गावाच्या पोट्ट्याइले ताप येते, मंग याचंच लिव्हर काहून?"

इथल्या मॅडमनी तो सवाल उडवून लावला नाही. आईबापाचं लग्न नात्यातलं का, याआधी घरात एखादं मूल दगावलं का, हे सगळं निवांत विचारलं. मग तिघांचं रक्त जनुकीय तपासणीला गेलं. खर्च 20,000 च्या वर, तोही रोख. रिपोर्टला महिन्याच्या वर लागला.

निघालं एनबीएएस नावाचं जनुक. त्याचं प्रथिन पेशीच्या आतली मालाची ने-आण सांभाळतं. भाच्याचं प्रथिन मुळातच कच्चं, तापात आणखी घटतं आणि लिव्हर कोलमडतं. मग व्हायरस कोणताही असो. हा आजार या जनुकाशी जोडला गेला तो 2015 मध्ये, म्हणजे आधीच्या डॉक्टरांना तरी काय बोलणार! जनुकामुळे काहीच मुलं कशी सापडतात, यावर मॅडमनी स्कॉटलंडचंही सांगितलं. तिथे 2022 मध्ये लहान मुलांना अचानक हिपॅटायटिस झाला. तपासलेल्या 27 पैकी 25 मुलांत एचएलए या रोगप्रतिकाराच्या जनुकाचा एकच प्रकार निघाला, तुलनेसाठी घेतलेल्यांत तो फक्त 16 टक्के.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. आजी ओपीडीत म्हणाली, "हे सुनेच्या माहेरचं आलं." मॅडम म्हणाल्या, "आजी, या जनुकाची एक सदोष प्रत आईकडून आली, एक तुमच्या मुलाकडून. दोघं ठणठणीत, पण दर बाळंतपणाला चारात एक धोका." आजी गप्प. असं तोंडावर सांगणारं कोणीतरी पाहिजेच होतं बाप्पा.

औषधांची थैली नाही मिळाली. मिळालं ते एक पत्र, गावाकडच्या डॉक्टरसाठी: ताप चढायची वाट न पाहता वजनाप्रमाणे तापाचं औषध, पोरगं खात नसेल तर लगेच ग्लुकोजचं सलाईन, एसजीपीटी आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) तपासा, वाढले तर नागपूरला पाठवा. मागच्या तापात आमच्या तालुक्याच्या डॉक्टरनी तेच केलं, एसजीपीटी वाढला पण शेकड्यांतच थांबला.

कापलेला तारा रिसेप्शनचा. पहाटेच्या एसटीने हिंगणघाट, बुटीबोरी करत आलेल्या माणसाला दुपारपर्यंत उभं ठेवतात. शिवाय पत्र इंग्रजीत. मराठीत मागितलं तर "पुढच्या वेळी" म्हणाले. जाणार असाल तर तापातले आणि बरे असतानाचे, दोन्ही रिपोर्ट तारखेवार लावून न्या, आणि मुलाच्या बापालाही सोबत घ्या. त्याचं रक्त लागतंच.