बॅटरीचा फवारणी पंप: ऑनलाइन स्वस्त की तालुक्याच्या दुकानातला?

१६ लिटरची टाकी, १२ व्होल्ट ८ अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी. कृषी केंद्रांत आता बहुतेक असाच पंप विकला जातो. सोयीबद्दल वाद नाही. पऱ्हाटी (कपाशी) कमरेला आली की एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते, म्हणजे १२-१३ टाक्या. इतका वेळ हातपंपाचा दांडा मारला की दुपारनंतर हात ढिला पडतो, दाब उतरतो आणि झाडाचा खालचा भाग कोरडा राहतो. बॅटरीच्या पंपात दाब एकसारखा असतो.

घात होतो तो हंगाम संपल्यावर. शेवटची फवारणी झाली की उतरलेल्या बॅटरीसकट पंप कोठ्यात टांगला जातो. आतली बॅटरी शिशाची. अशी महिनोन्महिने पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. मृगात चार्जरला लावली की हिरवा दिवा चटकन लागतो आणि दोन टाक्यांतच पंप बसतो. दिवा इतक्या लवकर लागला तर खुश होऊ नका, बॅटरी गेली समजा. ठेवताना पूर्ण चार्ज करा, एक वायर काढून ठेवा, दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. नवा पंप घेतानाही बॅटरीला व्होल्ट मोजायचे मीटर लावा: चार्ज करून काही तास ठेवलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती दुकानात पडून खराब झालेली असू शकते, बदलून मागा.

बाकी बिघाड किरकोळ. गन सोडली तरी मोटर थांबत नसेल तर दाब वाढला की मोटर बंद करणारा प्रेशर स्विच अडकलाय. मोटर फिरते पण पाणी येत नाही, तर आधी जाळी पाहा, मग वाल्वमध्ये पावडरचा गाळ, नाहीतर मोटरवरचा पाणी ओढणारा रबरी पडदा फाटलेला. रोज शेवटी एक टाकी साध्या पाण्याची मारली तर यातले निम्मे टळते.

ऑनलाइन स्वस्त पंप मागे पडतो तो इथेच. पडदा, स्विच स्वस्तच असतात, पण मोटरची बैठक आणि स्क्रूंचे अंतर जुळले तर ना! भर हंगामात त्या एका भागापायी पंप आठवडाभर पडून राहतो. म्हणून तालुक्याच्या दुकानात दोन-तीनशे जास्त द्यावे लागले तरी द्या. पण त्याआधी विचारा, ‘याचा पडदा आता आहे का तुमच्याकडं?’ नाही म्हटले तर पुढचे दुकान गाठा.

दोन एकरांच्या आत वावर असेल तर हातपंपच बरा. वायसर बदलला, दांड्याच्या सांध्याला तेल दिले की तो वर्षानुवर्षे चालतो. बॅटरी-हात असा दुहेरी पंप मिळतो, पण पाठीवर जड पडतो.

झाकणाचे रबर मात्र कुठल्याही पंपात वाकवून पाहा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. पाठीवर गळणारी टाकी ही साधी बाब नाही. औषधाचे मापही टाकीप्रमाणे बदला: १० लिटरला ५ मिली असेल तर १६ लिटरला ८.

आणि टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप पऱ्हाटीत नेऊच नका. नुसता धुतलेला असला तरी नळीत राहिलेल्या अंशाने पाने आकसतात. तणनाशकाला जुना हातपंप वेगळा ठेवा.