जुनी वल्ह्यांची होडी: लाकडातच दुरुस्त करायची की वरून फायबर चढवायचं?

ऐरोलीकडच्या एका मंडळातल्या पोरांनी परवा विचारलं, चुलत्याची जुनी होडी खाडीच्या चिखलात पडून आहे, ती आम्ही पोरं परत पाण्यात उतरवणार, तर लाकूडकाम करू की फायबर मारून मोकळं होऊ? आमच्या दिवाळे गावातल्या पोरांनी दोन्ही करून बघितलंय, एक होडी लाकडात, एक फायबरात. त्यातल्या एकीचा पश्चात्ताप अजून होतोय.

कोटेशन मागवायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि होडीखाली झोपा. तळाचा मधला वासा आणि आतल्या फासळ्या टोचून बघा, कडक लागलं तर ठीक, लोण्यासारखा आत गेला तर तिथेच थांबा. चार-सहा फळ्या गेल्या असतील तर बदलता येतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यातले किडे लाकूड आतून पोखरतात आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून ठोकूनही बघा, पोकळ आवाज आला की समजा.

आता मेन मुद्दा, जो आम्हाला कुणी सांगितला नव्हता. लाकडी होडीला ओल हवी असते आणि फायबरला कोरडं हवं असतं. फळ्या फार वाळल्या की आक्रसतात, फटी उघडतात, म्हणून लाकूडकामात होडी महिनोन् महिने उन्हात ठेवायचीच नाही. फायबरचं उलटं, ओल्या लाकडावर रेझिन, म्हणजे फायबरचं कापड चिकटवणारं रसायन, धरतच नाही. आमच्या फायबरवाल्याने आठवड्यात करून देतो म्हणून सांगितलं, केलंही, दिसायलाही एकदम चकाचक, पण दुसऱ्या पावसाळ्यात फुगे आले आणि एक पापुद्रा उचलला तर खाली लाकूड कुजून काळं! आत अडकलेली ओल जाणार कुठे? आणि लाकडाच्या फळ्या फुगतात-आक्रसतात, फायबर जागचं हलत नाही, मग तडे जाणारच. इपॉक्सी रेझिन साध्या पॉलिस्टर रेझिनपेक्षा बरं धरतं, पण महाग, आणि लाकूड वाळवावं तर त्यालाही लागतंच.

म्हणजे होडी कुठे ठेवणार यावर अर्धा निर्णय आहे. फायबर करायचं तर ती उधाणाच्या रेषेच्या वर, शेडमध्ये, दिवाळीनंतर नीट वाळवत ठेवा. लाकूडकाम किनाऱ्यावरच होतं. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती पार वर येते, तेव्हा होडी वर ओढून घ्यायची. मग अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी तितकं चढत नाही, तेवढ्या दिवसांत खालचं काम उरकायचं. ओढताना कांदळवन तोडू नका प्लीज, केस होते आणि व्हायलाच पाहिजे.

पोरांच्या दृष्टीने म्हणाल तर काही तुलनाच नाही. फायबरला मास्क, ग्लोव्हज, अंगाला खाज, रेझिनचा उग्र वास, आणि मे महिन्यात हार्डनर (रेझिन घट्ट करायला घालतात तो) जरा जास्त झाला की मगातलं रेझिन हातातच गरम होऊन दगड होतं. अठराच्या आतल्या पोरांना मी तिथे उभंही करणार नाही. लाकडात मात्र म्हाताऱ्या सुताराच्या शेजारी बसून फटीत कापूस ठासायचा, वरून राळ-तेल घालायचं, रंधा मारायचा, हे आठवीतलं पोरगंही शिकतं. खिळे गॅल्व्हनाइझ्ड किंवा तांब्याचे घ्या, साधे लोखंडी खाऱ्या पाण्यात गंजून आजूबाजूचं लाकूडही खातात. अडचण एकच, होड्या बनवणारा सुतार सहज मिळत नाही. आमच्याकडे कोळीवाड्यातले एक आजोबा होते, दर रविवारी चहा पाजून पाजून त्यांना खाली आणायचो. तुमच्याकडे असा कुणी नसेल तर लाकडाच्या भानगडीत पडू नका, सरळ नवीन फायबरची होडी घ्या, ती मुळातच फायबरची असल्याने हे फुग्याचं दुखणं तिला नाही, देखभालही कमी. होडी दुरुस्त केल्याचं सुख मिळणार नाही एवढंच. जुनी होडी चौकात ठेवून तिच्यात झाडं लावून सजवायची आयडिया कुणी काढली तर त्याला तिथेच गप्प करा.

तुमची होडी चिखलातच आहे म्हणजे ओली आहे, आणि आजी-आजोबांपैकी कुणाला काम येत असेल तर मी लाकूडच म्हणेन. डिसेंबरला धरा, मे अखेर पाण्यात. उतरवल्यावर फळ्या फुगून फटी बंद होईपर्यंत गळणारच, आमची पहिल्या रात्री निम्मी भरली होती, पोरं रडकुंडीला आलेली आणि आजोबा कट्ट्यावर बसून बिडी ओढत हसत होते. डबा घेऊन दोघं जागे ठेवा.