ससा की इग्वाना? गावात पहिल्यांदाच पाळणाऱ्यासाठी

हिरवा इग्वाना, म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा मोठा परदेशी सरडा, आणि पाळीव ससा यांची तुलना सहसा कोणी करत नाही. पण शेतावरून येणाऱ्या पाल्यावर काहीतरी वेगळे पाळावे असे ज्याच्या मनात येते, त्याच्यासमोर आमच्या विदर्भात शेवटी हेच दोन पर्याय उरतात. दोघेही पाला खातात, दोघेही आवाज करत नाहीत. मी आधी ससे पाळले आणि गेली सहा वर्षे इग्वाना पाळतो आहे. नवख्याने ससाच घ्यावा असे माझे मत आहे, मात्र त्याची कारणे लोक समजतात त्याहून वेगळी आहेत.

उन्हाळ्यापुरते पाहिले तर ससा हरतो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि तापमान 30 अंशांच्या वर गेले की त्याचा त्रास सुरू होतो. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा टिनाच्या छपराखाली ससा ठेवणे म्हणजे त्याचा जीव घेणेच आहे. एका दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला आणि मी तासाभराने पाहतो तो दोन्ही ससे आडवे पडलेले, कान तापलेले, नाकपुड्या भराभर हलत होत्या. ओल्या फडक्याने कान पुसत राहिलो. एक वाचला, दुसरा गेला.

इग्वानाला ऊन शेकण्याच्या जागी 35 अंशांच्या आसपास आणि बाकी पिंजऱ्यात 26 ते 32 अंश लागतात, म्हणून विदर्भ त्याला मानवेल असे वाटते. हा अर्धाच भाग झाला. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतला, नदीकाठच्या झाडांवर राहणारा प्राणी आहे. त्याला साधारण 65 ते 75 टक्के आर्द्रता लागते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पिळून टाकलेला टॉवेल पाहता पाहता खडखडीत वाळतो. अशा हवेत कात नीट निघत नाही, बोटांना आणि शेपटीच्या टोकाला तिची वळी चिकटून राहतात, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट वाळून गळते. कूलर तापमान उतरवतो आणि ओलावाही देतो, त्यामुळे दोघांचाही उन्हाळा त्याच्यावरच निघतो. फक्त त्याचा झोत थेट अंगावर नको आणि इग्वानाला दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा हवा.

हिवाळ्यात मात्र पारडे पूर्ण फिरते. सशाला कोरडे खोके आणि वाऱ्याआड जागा पुरते. इग्वाना स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही. त्याचा पाला मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवून पचवतात आणि ऊब नसेल तर ते काम थांबते. डिसेंबरात रात्री पारा 10 अंशांवर येतो तेव्हा तो काळपट पडून दगडासारखा बसून राहतो. रात्री किमान 22 ते 24 अंश राखायचे तर थर्मोस्टॅट (ठरलेले तापमान राखणारे बटण) जोडलेला सिरॅमिक हीटर रात्रभर चालू हवा. भारनियमनात तो इन्व्हर्टरवर चालवला तर घरातले पंखे-दिवे लवकर बंद पडतात, याची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी. विकत मिळणारा गरम दगड घेऊ नये, त्याने पोट भाजते.

एका गोष्टीत मात्र गाव शहराला मागे टाकते. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी इग्वानाला उन्हातली अतिनील-बी (यूव्ही-बी) किरणे लागतात; ती खिडकीच्या काचेतून येत नाहीत आणि ती देणारी दिव्याची नळी दिसायला पेटत राहिली तरी सहा महिने ते वर्षभरात निकामी होते. आमच्याकडे अंगणात जाळीचा पिंजरा ठेवून सकाळचे कोवळे ऊन फुकट मिळते, फक्त आत सावलीचा कोपरा हवा. ही किरणे मिळाली नाहीत तर जबडा मऊ पडतो आणि पाय वाकतात.

खाण्याच्या बाबतीत एकच पान दोघांना वेगळे पडते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. इग्वानाला तो चालतो, पूर्ण वाढलेल्या सशाच्या मूत्राशयात मात्र त्याचा गाळ साचतो. सशाचे मुख्य अन्न वाळलेले गवत आहे, आणि घरी सोयाबीनचे कुटार (भुसा) पडलेले असते म्हणून गवताची सोय झाली असे होत नाही. इग्वानाला शेवग्याचा पाला, जास्वंदाची पाने-फुले, किसलेला लाल भोपळा द्यावा. पालक क्वचितच, कारण त्यातले ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवते. अंडी किंवा किडे घालू नयेत. कपाशीच्या बांधावरचा पाला मात्र दोघांनाही वर्ज्य समजावा, फवारणी आपण केली नसली तरी शेजाऱ्याने केलेली असते.

दवाखान्याचे सांगायचे तर तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गाय-बैल-शेळीवर बसलेला असतो. सशाला ते निदान हात लावतात, इग्वानाला घेऊन नागपूर गाठावे लागते. शिंक हाही गमतीचा विषय आहे. इग्वाना जास्तीचे मीठ नाकावाटे उडवतो, काचेवर त्याचे पांढरे ठिपके दिसतात आणि नवखा माणूस सर्दी समजून घाबरतो. ससा मात्र शिंकत राहिला तर खरोखरच काळजी करावी.

पाळीव सशासाठी नोंदणी लागत नाही (रानससा पकडणे हा गुन्हा आहे). हिरवा इग्वाना साइट्सच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. विकणारा म्हणाला, ‘कागदाची गरज नाही’, तर तिथूनच परत फिरावे. गावात हा कागद दुहेरी कामाचा आहे, कारण इग्वाना दिसला की लोक ‘घोरपड पाळली’ म्हणतात आणि घोरपड पाळणे गुन्हा असल्याने वन विभागापर्यंत बातमी जायला वेळ लागत नाही.

ससा आठ-दहा वर्षे जगतो. इग्वाना नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो, शेपटीसह पाच-सहा फूट लांब होतो आणि माजावर आलेला नर शेपटीचा फटका असा मारतो की हातावर वळ उठतो. हातभर पिल्लू घेणारा दहावीतला मुलगा दोन वर्षांनी शिकायला बाहेरगावी जातो आणि मग तो फटका आईच्या वाट्याला येतो.

तरीही इग्वानाच हवा असेल, तर आधी सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पिंजरा बांधून घ्यावा. डिसेंबरात आठवडाभर तो रिकामाच ठेवून हीटर चालवावा आणि पहाटे चार वाजता उठून आतले तापमान वहीत लिहावे. एकाही पहाटे आकडा 22 च्या खाली गेला, तर प्राणी आणू नये.