एमएस्सी मायक्रो की एमपीएच? मी दोन्ही केलंय, म्हणून सांगतो

दरवर्षी रिझल्ट लागले की एक-दोन ज्युनियर्सचा मेसेज ठरलेला, दादा बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालं, साथीच्या आजारांतच काम करायचंय, पुढे एमएस्सी करू की एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदवी). मी आधी एमएस्सी केलं, तीन वर्षं लॅबमध्ये काढली आणि मग एमपीएचला गेलो, म्हणजे माझं पारडं कुठं झुकतं ते कळलंच असेल, तरी जमेल तेवढं सरळ लिहितो.

एमएस्सीचं एक बरं आहे, हाताला काम लागतं. कल्चर, एलायझा, पीसीआर या लॅबमधल्या तपासण्यांवर हात बसला की लस कंपन्यांचं क्यूसी (दर्जा तपासणी) आहे, व्हीआरडीएल म्हणजे व्हायरस तपासणाऱ्या सरकारी लॅब आहेत, रिसर्च आहे. डोक्यात व्हायरसच असेल तर पुण्याच्या एनआयव्हीचं (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) एमएस्सी व्हायरॉलॉजी बघाच, १९५७ मध्ये शिमोग्याकडचा माकडतापाचा व्हायरस याच संस्थेनं शोधला होता, तेव्हा नाव वेगळं होतं एवढंच. फक्त स्वतःची पॅथॉलॉजी लॅब काढायचं स्वप्न असेल तर ते सोडा, रिपोर्टवर सही डॉक्टरचीच लागते.

आता मला लॅबमधून कशानं उठवलं ते सांगतो. कागदानं! पावसाळ्यात डेंगीचे सॅम्पल यायचे ढिगानं, आणि सोबतच्या फॉर्मवर नाव, वय आणि पुढे फक्त 'ताप'. ताप कधीपासून, तो रकाना कोरा. एकावर तर वय नुसतं '४', आता महिने की वर्षं ते तुम्हीच ठरवा. अहो पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१, म्हणजे व्हायरसचंच प्रोटीन, बघायचं असतं, आयजीएम, म्हणजे शरीरानं बनवलेली अँटिबॉडी, त्यानंतर सापडतं, दिवसच माहीत नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टाला अर्थ काय? एकदा एका मुलीचा असाच फॉर्म आला, वैतागून मी थेट तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सर, ती परवा लग्नाहून आली तेव्हापासून तापलीय, आणि त्या आळीत अजून सहा जण पडलेत की." त्या सहांपैकी एकाचंही रक्त आमच्याकडे आलं नव्हतं. आणि त्या मुलीचा आयजीएम निगेटिव्ह आम्ही अगदी नियमानं छापून दिला होता, दुसऱ्या दिवशीच्या रक्तावर.

पुढच्या वर्षी एमपीएचचा फॉर्म भरला. पुणे विद्यापीठात आहे, मुंबईत टिसला (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सोशल एपिडेमिऑलॉजी, म्हणजे समाजात आजार कसे पसरतात त्याच्या अभ्यासाचं, एमपीएच आहे, तिथं डॉक्टर असायलाच हवं असं नाही. पण नोकरीच्या जाहिरातीत बऱ्याचदा एमबीबीएसवाल्यांना आधी घेतात हे धरूनच चाला, आणि एनएचएममधलं (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, दरवेळी रिन्यूअलची धाकधूक. पगाराचं विचाराल तर, माझ्या ओळखीतल्यांचं सांगतो, दोन्हीकडे रडगाणं सारखंच. काम म्हणजे घरोघरी जाऊन डासांच्या अळ्या बघायला पाण्याच्या पिंपात टॉर्च मारायचा, चार दिवसांनी नळ येतो म्हणून लोक साठवतात त्यांना तरी काय बोलणार, आणि रात्री एक्सेल. ज्याला शांत बसून एकच गोष्ट नीट करायला आवडते त्यानं इकडं येऊ नये, खरंच.

मला विचाराल तर निदान वर्षभर लॅब करा आणि मग एमपीएच. नुसतं एमपीएच केलेले काही जण रिपोर्ट आला की पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वाचून पुढं जातात, ते बघून माझं डोकं फिरतं. मी अजूनही लॅबमध्ये गेलो की चहा येईपर्यंत टेबलावरचे फॉर्म चाळतो, आधी तारखेचा रकाना.