जाताना 16 तास 11 मिनिटं, येतानाही 16 तास 11 मिनिटं!

दोन विमानतळ टाकले की अंतर आणि वेळ सांगणारी अ‍ॅपं सगळ्यांनी पाहिलेली आहेत, त्यामुळे फीचर्स सांगत बसत नाही. मी पैसेवालं व्हर्जन घेतलं, वर्षाचे 499. जाहिराती नकोत आणि नकाशा मोठा दिसतो, एवढ्यासाठीच. काही महिने तक्रार नव्हती.

गेल्या आठवड्यात दादा-वहिनी अमेरिकेतल्या एडिसनहून, लेकीकडून परत आले. नेवार्कहून विमान उशिरा सुटलं. "आत्ता हललो," असा वहिनींचा मेसेज आल्यावर मी अ‍ॅप उघडलं: 12,550 किमी, 16 तास 11 मिनिटं. त्या हिशोबाने पुण्याहून मुंबई विमानतळावर गाडी पाठवली. विमान साडेचौदा तासांतच टेकलं! दोघं टर्मिनल 2 च्या बाहेर सामानासकट ताटकळत, आणि गाडी अजून लोणावळ्यात. विमानतळाच्या दराने घेतलेल्या कॉफीचं बिल दादांनी मला फोटो काढून पाठवलंय. एअरलाइनची वेळ का नाही पाहिली, असं विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न: मग 499 कशाचे?

घरी बसून उलटं टाकून पाहिलं. मुंबई ते नेवार्क: 16 तास 11 मिनिटं. एका मिनिटाचाही फरक नाही! म्हणजे अंतराला ताशी 800 ने भागायचं आणि वर अर्धा तास ठेवून द्यायचा, संपलं. पुणे-नागपूरला हे खपून जातं. 600 किमी, सव्वा तास, ठीक. पण लांबच्या प्रवासात 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा, जेट स्ट्रीम, असतो, हिवाळ्यात कधी ताशी 200 किमीच्या वर. अमेरिकेहून येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट आहे ही.

नकाशा मात्र झकास, हे कबूल. नेवार्कची रेषा युरोपावरून सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं. ती जाते मॉस्कोजवळून, स्वीडन आणि आइसलँडवरून. गोलावर तोच जवळचा रस्ता. नातवाला पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन दाखवलं, तो खूश. रात्री उगाच विमानतळांच्या जोड्या टाकत बसायचं व्यसन मलाही लागलं होतं.

मग त्या रेषेतही खोट दिसली. ती काठेवाड ओलांडून थेट सिंधमध्ये शिरते. एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद आहे, हे अ‍ॅपला कोणी सांगितलेलंच नाही. आणि जवळचा रस्ता लवकरचा असतोच असंही नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं: सुमारे 15,300 किमी, म्हणजे 1,400 किमी जास्त, तरी वाऱ्याच्या जोरावर साडेचौदा तासांत, जवळपास दोन तास आधी. अ‍ॅपच्या गणितात हे बसणारच नाही.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं: "दाखवलेली वेळ अंदाजे आहे." अंदाजे, आणि वर 11 मिनिटं? गोल 16 लिहा ना मग.

ऑटो-रिन्यू बंद केलंय. फुकटवाल्यात नकाशा लहान दिसतो, पण दिसतो. दोन तारे, दोन्ही नकाशाचे.