‘कोसॅक’ विनाशिकेचं प्रिंट: आठ महिने भिंतीवर

ए-2 आकार, 310 ग्रॅमचा मॅट सुती कागद, पिगमेंट शाई. चित्र 16 फेब्रुवारी 1940 च्या रात्रीचं: नॉर्वेच्या योसिंगफ्यॉर्डमध्ये 299 कैदी पोटात घेऊन दडलेल्या ‘आल्टमार्क’ या जर्मन पुरवठा जहाजाला ब्रिटिश ‘कोसॅक’ भिडते आहे.

जहाज चोख उतरलंय. ‘ट्रायबल’ या ब्रिटिश विनाशिकांच्या वर्गाची दोन धुराडी आणि 4.7 इंची तोफांच्या चारही जोड्या जागच्या जागी आहेत. चार मोजून बघाच. या तोफा 40 अंशांच्या वर उचलता येत नसत, त्यामुळे नॉर्वेच्या मोहिमेत विमानांपुढे त्यांची डाळ शिजली नाही. मग मागच्या दोन जोड्यांपैकी वरची, म्हणजे ‘एक्स’, काढून तिथे 4 इंची विमानविरोधी जोडी आली. मे 1941 मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेच्या मागे लागलेल्या ‘कोसॅक’च्या चित्रात चारही जोड्या सारख्या दिसल्या, तर चित्रकाराने जुनाच फोटो समोर ठेवलाय असं समजा.

आता दुखणं. मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका गडद होत नाही. रात्रीच्या चित्रात त्याचा फटका थेट बसतो: जहाजाची राखाडी बाजू मागच्या कड्यात विरघळते आणि पाणतीरांच्या नळ्या शोधाव्या लागतात. हेच चित्र बॅरायटा कागदावर (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, किंचित चकाकणारा) घेतलेलं बरं. त्यात साध्या काचेची भर पडली की विनाशिकेऐवजी समोरची खिडकीच दिसते. परावर्तनरोधक काच महाग आहे, पण अंधाऱ्या चित्राला तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

दिव्याचंही तसंच. 2700 केल्विनच्या पिवळ्या उजेडात राखाडी रंग मातकट होतो. 4000 केल्विन आणि 90 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेल्या दिव्याखाली त्यातली निळसर झाक परत येते.

पाचव्या महिन्यात कागदाला लाटा आल्या. दोष छपाईचा नव्हता, फ्रेमवाल्याने चारही कडा टेपने जखडल्या होत्या. दमट हवेत सुती कागद फुगतो आणि पसरायला जागा मिळाली नाही की उठतो. उपाय: फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, आम्लमुक्त माउंट, आणि काच व कागद यांच्यात किमान 2-3 मिमी अंतर. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी बुटं लावली की भिंतीची ओल थेट आत जात नाही. असं पुन्हा बसवल्यावर तीन महिन्यांत कागद सपाट राहिलाय. टेपचा चिकट डाग मात्र उजव्या कडेला कायमचा.